टेस्ट लाल झाली, पण बिघडलं नक्की काय?

लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, टेस्ट करण्याच्या कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या वाट्याला एक लाल रन आला. रात्री ऑटोमेशनने नवा कर्नल बिल्ड केला, व्हर्च्युअल मशीनमध्ये बूट केला, आणि सकाळी रिपोर्टमध्ये एकच शब्द होता: फेल. लॉगच्या तळाशी ‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग: अटेम्प्टेड टू किल इनिट’ आणि त्यापुढे एक्झिटकोड ०एक्स००००७एफ००. इनिट म्हणजे कर्नल सुरू करतो ती पहिली प्रोसेस, आणि पॅनिक म्हणजे कर्नलने हात टेकून थांबणं. ‘कर्नल पॅनिक’ वाचलं आणि मी ठरवूनच टाकलं की दोष कर्नलचा. त्या रात्रीच्या बिल्डमध्ये शेड्युलरचे, म्हणजे कोणती प्रोसेस कधी चालेल ते ठरवणाऱ्या भागाचे, काही पॅच (कोडमधले बदल) आले होते. दोन दिवस मी ते ओळ न् ओळ वाचत बसले.

उत्तर त्या एक्झिटकोडमध्येच होतं. त्यातले शेवटचे दोन अंक सिग्नल सांगतात आणि त्यांच्या आधीचे दोन प्रोसेसचा एक्झिट स्टेटस. आमच्याकडे सिग्नल शून्य होता, म्हणजे इनिटला कुणी मारलं नव्हतं, ते आपणहून बाहेर पडलं होतं. आणि हेक्समधले ७एफ म्हणजे १२७. शेलमध्ये १२७ चा अर्थ कमांड सापडली नाही. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी जोडून देणाऱ्या डायनॅमिक लोडरला लायब्ररी मिळाली नाही तरी तोही १२७ देऊनच थांबतो. रूट फाइलसिस्टिमची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या मुख्य डिस्कची, इमेज लहान करताना एक लायब्ररी त्यातून निघून गेली होती. इनिट सुरू झालं, लायब्ररी मिळेना म्हणून बंद पडलं, आणि पहिली प्रोसेस गेल्यावर कर्नल पॅनिक करणार हे ठरलेलंच आहे. कर्नलने त्याचं काम बरोबर केलं होतं. तिथे शेवटी ०बी असतं तर गोष्ट वेगळी: तो ११ नंबरचा सिग्नल, सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावणं, आणि मग मी पुन्हा कर्नलकडे संशयाने पाहिलं असतं.

तेव्हापासून लाल रन हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधते: हा रन कुठपर्यंत पोचला होता? व्हर्च्युअल मशीनमधली टेस्ट म्हणजे एकावर एक चढवलेले मजले आहेत. खाली होस्ट, म्हणजे खालचं मशीन, त्यावर क्यूएमयू हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम, मग गेस्टचं, म्हणजे आतल्या मशीनचं, बूट, मग इनिट, मग टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट, आणि सगळ्यात वर खुद्द टेस्ट. यातला कोणताही मजला खचला तरी रिपोर्टमध्ये शब्द एकच येतो. नव्या लोकांचा सगळ्यात जास्त वेळ कशात जात असेल तर चुकीच्या मजल्यावर शोधण्यात. माझाही तसाच गेला.

कुठपर्यंत पोचलो हे कळायला कन्सोलचा, म्हणजे कर्नल आपले संदेश जिथे छापतो तिथला, लॉग पूर्ण हवा. लॉग साफ रिकामा असेल तर कर्नल बूटच झाला नाही असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा तो बूट होत असतो, फक्त बोलतो दुसरीकडे. कर्नलच्या कमांड लाइनमध्ये कन्सोल पहिल्या सिरियल पोर्टवर, म्हणजे टीटीवायएस० वर, दिलेला आहे का ते आधी पाहा. ‘क्वाएट’ हा संदेश दाबणारा पर्याय असेल तर काढून टाका. त्याहून आधीचं बोलणं ऐकायचं असेल तर अर्लीकॉन चालू करा. आणखी एक सवय लावून घ्या: कमांड लाइनला पॅनिक=-१ (पॅनिक झाला की लगेच रिबूट) आणि क्यूएमयूला नो-रिबूट (रिबूटऐवजी बंद व्हायचं). नाहीतर पॅनिकनंतर गेस्ट एकतर जागीच लटकून राहतो, नाहीतर पुन्हा बूट होतो आणि एका लॉगमध्ये दोन बूट मिसळतात. अशा लॉगमध्ये मी दुसऱ्या बूटमधल्या ओळीचं कारण पहिल्या बूटमध्ये शोधत बसलेले लोक पाहिले आहेत.

बूटच्या मजल्यावर सगळ्यात जास्त भेटणारा पॅनिक म्हणजे ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’, आणि पुढे कंसात शून्य, शून्य. ते दोन शून्य नीट पाहा. कर्नलला रूटची डिस्क दिसलीच नाही असा त्याचा अर्थ. व्हर्टआयओ ब्लॉकचा, म्हणजे व्हर्च्युअल डिस्कचा, ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलबाहेरची वेगळी फाइल) म्हणून बिल्ड झाला आणि इनिट्रॅमएफएस, म्हणजे अशी मॉड्यूल ठेवलेली बूटच्या वेळची छोटी फाइलसिस्टिम, दिलंच नाही, किंवा रूट म्हणून डिस्कचं नाव चुकीचं दिलं, की हेच होतं. शून्याऐवजी खरे आकडे असतील तर डिस्क सापडली आहे. मग त्यावरची फाइलसिस्टिम कर्नलमध्ये आहे का ते बघायचं.

‘पण मी तर कॉन्फिगमध्ये त्या ड्रायव्हरचा ऑप्शन चालू केला होता’ हे वाक्य या टप्प्यावर हमखास ऐकू येतं. खरंच केलेला असतो. पण एखाद्या ऑप्शनला दुसरा ऑप्शन लागत असेल आणि तो बंद असेल, तर कॉन्फिग पूर्ण करून देणारं ओल्डडेफकॉन्फिग तुमची ओळ चूपचाप काढून टाकतं. म्हणून आपण काय लिहिलं ते पाहू नका, बिल्डनंतर तयार झालेली कॉन्फिग फाइल उघडून पाहा.

होस्टच्या मजल्यावरची खूण वेगळी असते. एक टेस्ट जाण्याऐवजी सगळ्याच टेस्ट एकदम टाइमआउट होतात, आणि बूटलाही नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागतो. असं दिसलं की केव्हीएम, म्हणजे गेस्टला थेट प्रोसेसरवर चालवणारी कर्नलमधली सोय, खरंच वापरलं जातंय का ते तपासा. रन चालवणाऱ्या युजरला केव्हीएमच्या डिव्हाइस फाइलची परवानगी नसेल, किंवा होस्ट स्वतःच व्हर्च्युअल मशीन असेल आणि त्यात नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन बंद असेल, तर ‘केव्हीएम नाहीतर टीसीजी’ असं सांगितलेलं क्यूएमयू टीसीजीवर उतरतं. टीसीजी प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये भाषांतरित करून चालवतं. निकाल बरोबर, पण वेग फार कमी. ऑटोमेशनमध्ये मी फक्त केव्हीएम मागते. मिळालं नाही तर रन तिथेच थांबलेला बरा.

मेमरीचंही तसंच. एक्स८६ वर क्यूएमयूला काहीच सांगितलं नाही तर गेस्टला १२८ एमबी मिळतात. त्यात केएसॅन, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणारं साधन, चालू केलेला कर्नल घातला तर त्याच्या शॅडो मेमरीलाच एक अष्टमांश जातो, वर त्याची इतर ओझी वेगळीच. मग मेमरी संपली की प्रोसेस मारणारा ओओएम किलर टेस्टची प्रोसेस मारतो आणि निकालात १३७ उमटतो. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, ९ म्हणजे सिगकिल, सक्तीने मारणारा सिग्नल. आणि १२४ दिसला तर तो टाइमआउट कमांडचा.

आता टेस्टच्या मजल्यावर येऊ. इथे हिरव्या रंगावरही डोळा ठेवायला लागतो. लिनक्स टेस्ट प्रोजेक्टच्या टेस्ट मुख्यतः चार वेगळ्या गोष्टी सांगतात: टीपास, टीफेल, टीब्रोक आणि टीकॉन्फ. टीब्रोक म्हणजे तयारीतच काहीतरी मोडलं, खरी तपासणी झालीच नाही. टीकॉन्फ म्हणजे या कर्नलवर किंवा या मशीनवर ही टेस्ट लागू नाही. कर्नलच्या सोर्सबरोबर येणाऱ्या केसेल्फटेस्टमध्ये हेच काम ‘स्किप’ हा निकाल करतो, एक्झिट कोड ४. बरेच डॅशबोर्ड स्किपला लाल दाखवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण काल पास होणारी टेस्ट आज स्किप झाली तर ती माझ्या लेखी बातमी आहे. एकदा कॉन्फिगमधला एक ऑप्शन असाच गळाला, एका सबसिस्टिमच्या सगळ्या टेस्ट स्किप व्हायला लागल्या, आणि कितीतरी रन हिरवे येत राहिले. त्या काळात तिथे काय बिघडलं असतं तर आम्हाला पत्ता लागला नसता. म्हणून आता आमच्याकडे किती टेस्ट पास झाल्या याबरोबर किती प्रत्यक्ष चालल्या तेही मोजलं जातं.

हे सगळं तरी सरळ आहे. माणसाचा कस लागतो तो फ्लेकी टेस्टमध्ये: दहातून एकदा जाते, पुन्हा चालवली की पास.

आमच्याकडे केसेल्फटेस्टच्या साच्यात लिहिलेली एक टेस्ट होती, आमच्याच एका नव्या ड्रायव्हरची. कधीतरी रात्रीच्या रनमध्ये ती ‘टाइमआउट ४५ सेकंद’ म्हणून जायची. दिवसा हाताने चालवली की तीन सेकंदांत पास. त्याच सुमारास दुसऱ्या एका रनमध्ये सॉफ्ट लॉकअपचे, म्हणजे सीपीयू बराच वेळ अडकून पडल्याचे, इशारे येत होते, ‘सीपीयू १ स्टक फॉर २२एस’ अशा थाटाचे. टीममधल्या बऱ्याच जणांचं मत पडलं की रात्री होस्टवर कर्नल बिल्ड चालू असतात, मशीन दमतं, टाइमआउट वाढवून ३०० करा.

सॉफ्ट लॉकअपच्या बाबतीत ते बरोबर निघालं. होस्टवर सीपीयूपेक्षा जास्त व्हीसीपीयू, म्हणजे गेस्टचे सीपीयू, वाटलेले असले की एखादा व्हीसीपीयू बराच वेळ चालायलाच मिळत नाही. गेस्टच्या दृष्टीने मात्र तो सीपीयू अडकलेला असतो. गेस्टमध्ये टॉप कमांडच्या एसटी रकान्यात तो चोरीला गेलेला वेळ दिसतो. आम्ही पाच लॉग शेजारी शेजारी ठेवले तर स्टॅक ट्रेस, म्हणजे कोड कोणकोणत्या फंक्शनमधून कुठे पोचला त्याच्या याद्या, पाच वेगवेगळ्या ठिकाणी होते. सीपीयू हिसकावला गेला त्या क्षणी जे काही चालू होतं ते तिथे दिसत होतं, एवढंच. होस्टवरचे बिल्ड हलवले आणि इशारे थांबले.

टाइमआउट झालेल्या टेस्टचं तसं नव्हतं. तिच्या लॉगमध्ये कर्नलचा एक शब्दही नव्हता, आणि मला तेच खटकत होतं. कारण शोधताना सगळ्या घड्याळांचे आकडे मी कागदावर एकाखाली एक लिहिले. मूळ सेटिंगमध्ये सॉफ्ट लॉकअप बोलतो २० सेकंदांनी, आरसीयू या कर्नलमधल्या यंत्रणेचा स्टॉल इशारा २१ सेकंदांनी. पण हे दोन्ही सीपीयू धरून बसलेल्या कोडसाठी. लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणाऱ्या किल्लीची, वाट पाहत झोपलेल्या टास्कबद्दल बोलतो तो हंग टास्क डिटेक्टर, आणि तो बोलतो १२० सेकंदांनंतर. आमची स्क्रिप्ट ४५ सेकंदांना टेस्ट सोडून द्यायची आणि लगेच मशीन बंद करायची. कर्नलला जे सांगायचं होतं ते सांगण्याआधीच आम्ही त्याचं तोंड बंद करत होतो.

हंग टास्कची मर्यादा १५ सेकंदांवर आणली आणि टाइमआउट झाला की मशीन बंद करण्याआधी सिसआरक्यू ट्रिगर या कर्नलला थेट हुकूम देणाऱ्या फाइलमध्ये ‘डब्ल्यू’ लिहायचं असं स्क्रिप्टमध्ये घातलं. त्याने अडकून पडलेल्या सगळ्या टास्कचे स्टॅक कन्सोलवर येतात. तिसऱ्या रात्री टेस्ट गेली आणि लॉगमध्ये दोन टास्क दिसल्या. एक ड्रायव्हरच्या रिमूव्हमध्ये (डिव्हाइस काढताना चालणारं फंक्शन), डिव्हाइसचा म्युटेक्स (एक प्रकारचा लॉक) हातात घेऊन रांगेच्या म्युटेक्ससाठी थांबलेली. दुसरी मागे कामं उरकणाऱ्या वर्कक्यूमधली, रांगेचा म्युटेक्स धरून डिव्हाइसच्या म्युटेक्ससाठी थांबलेली. पुढच्या वेळी टेस्ट गेली तेव्हाही त्याच दोन, त्याच फंक्शनमध्ये. दमलेलं मशीन इतक्या नेमाने एकाच जागी थांबत नाही.

होस्टवरच्या ओझ्याने हा डेडलॉक, म्हणजे दोघांनी एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसणं, निर्माण केला नव्हता, दोन टास्कमधलं अंतर ताणून तो उघडा पाडला होता. टाइमआउट ३०० केला असता तर ती टेस्ट ३०० सेकंद थांबून गेली असती, आणि मग कुणीतरी ती यादीतून काढली असती.

मग मी लॉक घेण्याचा क्रम तपासणारा लॉकडेप चालू केला, जो आधी करायला हवा होता. कॉन्फिगमधल्या प्रूव्ह लॉकिंगने तो येतो. लॉकडेपला डेडलॉक प्रत्यक्ष व्हावा लागत नाही. लॉक एकदा या क्रमाने आणि एकदा त्या क्रमाने घेतले गेले एवढं दिसलं तरी तो ‘पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी’ म्हणून सांगतो. दिवसाढवळ्या, निवांत मशीनवर, पहिल्याच रनमध्ये त्याने दोन्ही म्युटेक्सची नावं छापली. त्याची एक गोष्ट लक्षात असू द्या: पहिला दोष सांगितला की तो स्वतःला बंद करतो. त्यामुळे आधीच्या कुठल्या दुसऱ्याच इशाऱ्याने तो गप्प झाला असेल तर तुमचा दोष कधीच दिसणार नाही. ऊप्सच्या, म्हणजे कर्नलने स्वतःत पकडलेल्या गंभीर चुकीच्या, बाबतीतही मी हाच क्रम पाळते. लॉगमध्ये तीन ऊप्स असले तर पहिला वाचायचा. त्या रिपोर्टमध्ये ‘टेंटेड’ या शब्दापुढे ‘डी’ दिसला तर याआधी एकदा ऊप्स होऊन गेलेला आहे, वर सरका.

दोष कोणत्या कमिटने (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाने) आणला हे गिटच्या बाइसेक्टने, म्हणजे कमिटची यादी दर वेळी निम्मी करत, काढता येतं, हजार कमिट असले तरी साधारण दहा पायऱ्यांत. बाइसेक्ट रनला स्क्रिप्ट देताना जो कर्नल बिल्डच होत नाही त्यासाठी १२५ परत करा, म्हणजे तो कमिट वगळला जातो. पण फ्लेकी टेस्टवर थेट बाइसेक्ट लावू नका. एका पायरीवर टेस्ट नशिबाने पास झाली की पुढची सगळी वाट चुकते, आणि शेवटी ज्याचा संबंध नाही अशा माणसाच्या कमिटवर बोट ठेवलं जातं. आधी दोष हमखास दिसेल अशी रीत शोधा. आमच्यासाठी ती लॉकडेपची ओळ होती.

फिक्स झाल्यावर ‘आता पास होते’ एवढं पुरत नाही, याचाही हिशेब करता येतो. टेस्ट दहातून एकदा जात असेल तर काहीही न सुधारता ती सलग दहा वेळा पास होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. ती ५ टक्क्यांच्या खाली आणायला सलग २९ रन लागतात. आम्ही साठ चालवले, आणि मुद्दाम त्याच होस्टवर, बिल्ड चालू ठेवून. साठही पास. डिव्हाइसचा म्युटेक्स आधी, रांगेचा नंतर, असा क्रम दोन्हीकडे एक केला होता. पॅच चार ओळींचा होता. टेस्टचा टाइमआउट आजही ४५ सेकंदच आहे.