घरच्या खास दिवसासाठी संभाजीनगरात भारी हॉटेल कसं निवडायचं

बाबांची साठी असो, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो, पोरीला नोकरी लागली असो नाहीतर सोयरीक जमल्यावर दोन्हीकडची मंडळी पहिल्यांदा एकत्र जेवणार असो, आपल्याकडं आजकाल "घरी नको, बाहेरच करू" असंच ठरायलंय. मग फॅमिली ग्रुपवर चार दिवस नुसत्या लिंका पडतात, कुणी फोटो टाकतं, कुणी म्हणतं तिथं अँबियन्स लई भारी आहे, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं हॉटेल फायनल होतं. माझं सरळ म्हणणं असंय की लायटिंग बघून हॉटेल निवडायचंच नाही. त्या टेबलावर सगळ्यात अवघडून कोण बसणार आहे ते आधी ठरवा, गुडघेदुखीवाली आजी असेल, नवीन व्याही असतील, दोन वर्षांचं लेकरू असेल, आणि त्या माणसाच्या सोयीनं जागा शोधा. ते माणूस निवांत जेवलं की बाकीचे जेवतातच.

सुरुवात जेवणापासून करा. आपल्या घरांत एक तरी माळकरी असतो, एकजण गुरुवार धरतो, आणि दोघं असे की मटण नसलं तर जेवलो असं म्हणतच नाहीत. माळकरी माणसाला "इथं व्हेज पण मिळतं" एवढं पुरत नाही, किचन वेगळं आहे का हे विचारावं लागतं आणि हॉटेलवाले विचारलं की खरं सांगतात. सोयरिकीचं पहिलं जेवण असेल तर मी तरी प्युअर व्हेजच सांगते, मटण काय नंतर आयुष्यभर आहेच. पाहुण्यांत जैन कुणी असतील तर ते बुकिंग करतानाच सांगा, टेबलावर बसल्यावर नाही. कारण असंय की मोठ्या हॉटेलात ग्रेव्ह्या आधीच करून ठेवलेल्या असतात, एक कांदा-टोमॅटोची लाल, एक काजूची पांढरी, आणि त्यातल्या बऱ्याचशांत कांदा-लसूण पडलेला असतो, मग रात्री साडेआठच्या गर्दीत तुम्ही "जैन करून द्या" म्हणालात की आचारी बिचारा जिरा राईस आणि तडका मारलेली डाळ पाठवतो आणि ज्यांचा मान करायला बोलावलं तेच पाहुणे वरण-भात खाऊन उठतात. आदल्या दिवशी सांगितलं तर त्याच हॉटेलात त्यांच्यासाठी वेगळी ग्रेव्ही होते.

आता तारीख. टेबल बुक करायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा, खरंच बघा. संकष्टी असेल तर चंद्रोदय साधारण रात्री आठ ते साडेदहाच्या मध्ये कधीतरी असतो आणि आई-मावशी त्याच्याआधी पाण्याशिवाय काही घेणार नाहीत, तुम्ही आठचं टेबल घेतलं की त्या दोघी नुसत्या बघत बसणार. एकादशी, श्रावण, नवरात्र हे तर आहेच. लग्नाची मोठी तिथ असली की बीड बायपासवरची सगळी लॉन्स आणि मंगल कार्यालयं भरलेली असतात आणि त्या बाजूनं येणारा माणूस वेळेत पोचत नाही म्हणजे नाही. नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा असते तेव्हा पंचवटी चौक आणि छावणीकडचा रस्ता धरू नका, वाळूजकडून येणाऱ्यांना तर आधीच सांगून ठेवा. आणि शक्य असेल तर रविवार सोडा. खरा वाढदिवस रविवारी असला तरी शनिवारी दुपारी जेवण ठेवलं तर हॉटेल निम्मं रिकामं असतं, वेटर दोनदा येऊन विचारतो, आणि लेकरं वेळेत झोपतात.

जागेचं म्हणाल तर आपल्याकडचं बहुतेक सगळं भारी जालना रोडला आणि त्याच्या आजूबाजूला आहे. क्रांती चौकापासून मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल, सिडको करत चिकलठाण्यापर्यंत. एअरपोर्टच्या बाजूला रामा इंटरनॅशनल, लेमन ट्री ही मोठी हॉटेलं, हर्सूलच्या रोडला विवांता, प्रोझोन मॉलमध्ये आणि आजूबाजूला नव्या पद्धतीची रेस्टॉरंटं, आणि निराला बाजार, कॅनॉट, समर्थनगर, उस्मानपुरा इकडं मधल्या दर्जाची चांगली फॅमिली हॉटेलं. स्टेशन रोडचं तंदूर आणि थाळीसाठी भोज ही जुनी नावं, आपल्या आईवडलांच्या पिढीला माहिती असलेली. माझं मत विचाराल तर साठीच्या पुढच्या माणसांसाठी मोठ्या हॉटेलातलं शांत रेस्टॉरंट नाहीतर चांगली थाळी यातलंच एक घ्या. टेबलावर शेगडी ठेवून अनलिमिटेड कबाब देतात ते पोरांच्या पार्टीला ठीक आहे, पण आजोबा काय दोन तुकडे खाणार, पैसे पूर्ण ताटाचे जाणार, आणि धूर वेगळा.

जालना रोडची एक गोष्ट बाहेरगावच्या पाहुण्यांना हमखास सांगून ठेवायची. गाडी एकदा उड्डाणपुलावर चढली की हॉटेल खालीच राहतं आणि मग पुढच्या चौकातून वळून यावं लागतं. जालन्याहून, परभणीहून येणाऱ्यांना नुसतं लोकेशन पाठवून भागत नाही, "पुलावर चढू नका, डाव्या बाजूनं खालून या" असं स्पष्ट लिहून पाठवा. पार्किंग हा दुसरा विषय. कॅनॉट आणि निराला बाजारला संध्याकाळी सातनंतर चारचाकी लावायला जागा मिळणं अवघड आहे, म्हणून तिथं जायचं असेल तर वृद्ध माणसांना दारात उतरवून मग गाडी लांब लावायची तयारी ठेवा, नाहीतर ज्यांचं स्वतःचं पार्किंग किंवा व्हॅले (म्हणजे गाडी त्यांचाच माणूस नेऊन लावतो) आहे असंच हॉटेल घ्या.

दोन-तीन नावं काढली की एकदा आधी जाऊन या. यात कंजूषी करू नका, कारण रिव्ह्यू वाचून जे कळत नाही ते दहा मिनिटांत डोळ्यांनी दिसतं. कामाच्या दिवशी दुपारी जा, एक सूप आणि एक भाजी-रोटी मागवा. पहिल्यांदा खुर्च्या बघा. आजकाल सगळीकडं ते खोल रुतणारे सोफे करून ठेवलेत, दिसायला छान दिसतात, पण गुडघे धरलेल्या माणसाला त्यातून उठायला दोघांनी हात द्यावा लागतो, आणि टेबल खाली-वर असलं की ताटापर्यंत हातच नीट पोचत नाही. सरळ पाठीची, हात असलेली खुर्ची मिळत असेल तरच पुढं बोला. मग वॉशरूम बघा, आत जाऊनच बघा. पायरी आहे का, फरशी ओली आहे का, आजीला धरायला काही आहे का, हँडवॉश आहे का. वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट चालू आहे का ते विचारू नका, लिफ्टनंच वर जा. टेरेसवरची रेस्टॉरंटं हिवाळ्यात फार सुंदर, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं सूर्य मावळल्यावरसुद्धा स्लॅबमधून वाफ निघत असते, त्या दिवसांत एसी हॉलच घ्या. आणि हो, बार अँड रेस्टॉरंट असेल तर फॅमिली सेक्शनला जायला बारमधूनच वाट आहे का तेही बघून ठेवा, आपल्या बायामाणसांना तिथून जाताना जो संकोच होतो त्यात अर्धा मूड जातो.

ऑनलाइन रिव्ह्यू वाचायचेच असतील तर नवीन आधी लावून वाचा, दोन वर्षांपूर्वीचे पाच स्टार काही कामाचे नाहीत, तोवर आचारी बदललेला असतो. आणि ॲपवर जो खर्च दाखवतात तो दोन माणसांचा असतो, टॅक्स सोडून. आठजण असतील तर चारनं गुणा आणि वर थोडे ठेवा.

बुकिंग ॲपवरून केलं तरी एक फोन कराच, आणि रिसेप्शनवर जो उचलेल त्याच्याशीच न बोलता मॅनेजरला बोलवा. नाव विचारून लिहून ठेवा. सांगायचं काय तर किती माणसं, त्यात लेकरं किती, कार्यक्रम काय आहे, टेबल एसीच्या थेट झोतात नको, किचनच्या दारापाशी नको, वॉशरूमच्या वाटेवर नको. त्या रात्री तिथं लाईव्ह म्युझिक आहे का ते विचारा, कारण ऐकू कमी येणाऱ्या माणसाला गाण्याच्या आवाजात टेबलावरचं एक वाक्य कळत नाही आणि ते माणूस तिथं असून एकटं पडतं. आपला केक आणला तर चालतो का, त्याचे वेगळे पैसे घेता का, तेही आत्ताच. हे सगळं झालं की तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्यांचं "ओके" येऊ द्या. ॲडव्हान्स मागितला तर परत मिळणार का, बिलात वजा होणार का, हे त्याच मेसेजमध्ये लिहून घ्या.

सगळ्यात नाजूक भाग मेनूकार्डचा. आपल्या बापमाणसांची सवय तुम्हाला माहितीय, कार्ड हातात आलं की ते डावीकडची नावं वाचतच नाहीत, उजवीकडचे आकडे वाचतात. मग कार्ड मिटून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "मला काही लई भूक नाही, तुम्ही मागवा." ज्यांच्या साठीचं जेवण तेच अर्धी रोटी आणि ताक घेऊन बसतात. त्याला उपाय एकच, कार्ड टेबलावर येऊच द्यायचं नाही. दुपारी जाल तेव्हाच जेवण ठरवून या, दोन स्टार्टर, दोन भाज्या, एक डाळ, भात, गोड, आणि मॅनेजरला सांगा की आम्ही बसलो की विचारायचं नाही, वाढायला सुरुवात करायची. बाबांना जे आवडतं ते त्यात असू द्या, मेनूत नसलं तरी विचारा. ज्वारीची भाकरी आणि ठेचा आधी सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी देतात, आणि पनीरच्या तीन भाज्यांपेक्षा ती एक भाकरी बाबांच्या जास्त लक्षात राहते.

बिलाचंही असंच, ते टेबलावर आणायचं नाही. आपल्याकडं बिलासाठी जी ओढाताण होते, जावई म्हणतो मी देणार, मेहुणा पाकीट काढतो, त्यात कुणाचं तरी मन दुखतं. भावाभावांनी पैसे आधी वाटून घ्या, एकानं गोड यायच्या वेळी उठून काउंटरवर जाऊन भरून यायचं. आणि काउंटरवर बिल नीट वाचा. साध्या रेस्टॉरंटला जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो, अडीच केंद्राचा अडीच राज्याचा. पण ज्या हॉटेलात राहायच्या खोलीचा दिवसाचा दर साडेसात हजारांच्या वर गेलेला असतो, त्याच्या आतल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागू शकतो. सहा हजारांच्या जेवणावर एकीकडं ३०० आणि दुसरीकडं १०८०, म्हणजे ७८० रुपयांचा फरक, म्हणून मोठ्या हॉटेलात बुकिंगच्या फोनवरच टॅक्स किती ते विचारून घ्या. काही लहान हॉटेलं कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही आणि तसं त्यांच्या बिलावर छापलेलं असतं.

सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट, तो सरकारी टॅक्स नाही. हॉटेलनं तो आपणहून बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानं पण नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलेलं आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही ते कायम ठेवलं. लावलेला दिसला तर शांतपणे "हा काढा" म्हणा, बहुतेक वेळा लगेच काढतात, नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण ज्या वेटरनं आजीला मऊ भात वेगळा आणून दिला त्याच्या हातात रोख टीप मात्र द्या, मनापासून द्या.

पुण्या-मुंबईचे पाहुणे असतील तर एक सांगते. भारी हॉटेलात नेऊन त्यांना पनीर बटर मसालाच खाऊ घालू नका, तो त्यांच्याकडंही मिळतो. बसायला निवांत जागा म्हणून रात्रीचं जेवण तिथं करा, आणि मटण खाणारे असतील तर दुसऱ्या दिवशी शहागंज-सिटी चौकाकडं नेऊन नान-खलिया खाऊ घाला, ते या शहराचं स्वतःचं जेवण आहे. केकचंही तसंच. ज्येष्ठांना ते क्रीम नको वाटतं, गुलमंडीवरून ताजी इम्रती आणा, हॉटेलवाल्याला आधी विचारून ठेवा आणि केकच्या शेजारी तीही प्लेटमध्ये लावून आणायला सांगा.

जेवणाच्या दिवशी एकानं वीस मिनिटं आधी पोचायचं, टेबल सांगितलेलं तेच आहे का बघायचं, नसेल तर बाकीचे यायच्या आत बदलून घ्यायचं. लेकरांचं ताट सगळ्यात आधी मागवा. उरलेलं पार्सल मागायला लाजू नका, फक्त रस्सा आणि रोट्या वेगवेगळ्या बांधायला सांगा, आणि घरी गेल्या गेल्या फ्रीजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात तर पनीर आणि काजूच्या ग्रेव्हीचं काही रात्रभर बाहेर राहू देऊ नका.