सरकारी ई-मेलखालच्या सहा ओळी

पुण्यातील संरक्षण खात्याच्या एका कार्यालयात मी अवर श्रेणी लिपिक म्हणून रुजू झालो, तेव्हा ई-मेलखालची स्वाक्षरी हे पाच मिनिटांत उरकायचे काम आहे, असे मला वाटले होते. नाव, पदनाम, शाखा, कार्यालय, पत्ता आणि फोन अशा सहा ओळी, आधी हिंदीत आणि त्याखाली इंग्रजीत. इंग्रजी भाग खरोखरच पाच मिनिटांत झाला. हिंदी भागाची छापील प्रत मात्र राजभाषा कक्षाकडून तांबड्या रेघांसह परत आली.

पदनाम मी ‘कनिष्ठ लिपिक’ असे लिहिले होते, कारण काकांच्या जिल्हा परिषदेत तोच शब्द ऐकत मी लहानाचा मोठा झालो; केंद्राच्या हिंदीत मात्र ‘अवर श्रेणी लिपिक’च लागते. फोनसमोर ‘दूरध्वनी’ लिहिले होते, तिथे हिंदीत ‘दूरभाष’ लागते. मराठी माणसाची गफलत नेमकी इथे होते: लिपी आपली, निम्मे शब्द आपले, त्यामुळे उरलेलेही आपलेच असणार असे आपण धरून चालतो. राज्य शासनातला कक्ष अधिकारी केंद्राच्या हिंदीत अनुभाग अधिकारी असतो. म्हणून पदनामाचे भाषांतर स्वतः करू नये. आस्थापना शाखेकडून मंजूर पदनाम दोन्ही भाषांत लिहून घ्यावे आणि तरीही शंका उरली, तर वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाची प्रशासनिक शब्दावली उघडावी. हौसेने देवनागरी अंकांत लिहिलेला फोन नंबरही खोडला गेला होता, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप सांगितलेले आहे.

एक दुरुस्ती मात्र मी मान्य केली नाही. माझ्या आडनावातल्या ‘ळ’चा त्यांनी ‘ल’ केला होता. सेवापुस्तकात जे नाव आहे तेच स्वाक्षरीत राहील, असे मी नम्रपणे लिहून दिले आणि ते मानले गेले.

हा काटेकोरपणा राजभाषा नियम, १९७६ मधून येतो. त्यातील नियम ११ नुसार नामफलक, पत्रशीर्षे आणि लिफाफ्यांवरील मजकूर हिंदी व इंग्रजी या दोन्ही भाषांत हवा. ई-मेलची स्वाक्षरी हे आजचे पत्रशीर्षच असल्यामुळे आमच्याकडे तिलाही तोच न्याय लावतात. नियम १२ प्रमाणे पालनाची जबाबदारी कार्यालयप्रमुखाची असते, त्यामुळे संसदीय राजभाषा समितीची पाहणी जवळ आली की साहेब स्वतः प्रत्येकाची स्वाक्षरी तपासतात. फाटकावरच्या त्रिभाषी फलकावर मराठी सर्वांत वर आहे आणि स्वाक्षरीत तिला जागाच नाही, ही रुखरुख मला अजून आहे. पण त्यासाठी मनाने तिसरी भाषा जोडू नये.

हिंदी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या पत्रातून युनिकोड नसलेल्या कृतिदेव फॉन्टमधला मजकूर उचलून चिकटवला, तर आपल्या पडद्यावर तो ठीक दिसतो आणि समोरच्याला रोमन अक्षरांची खिचडी मिळते. त्यावर उपाय म्हणून स्वाक्षरीचे चित्र करून लावणारेही आहेत. ते चित्र प्रत्येक उत्तरासोबत जोडपत्र होऊन फिरत राहते आणि त्यातला नंबर कोणालाही कॉपी करता येत नाही.

सैन्याशी संबंधित कार्यालयात पत्त्याची ओळ आपल्या मनाने भरू नये. सीमेवरच्या युनिटचा पत्ता ‘मार्फत ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय) यासारखा असतो, तो गावाचे नाव कळू नये म्हणूनच. ते नाव स्वाक्षरीत लिहिले, तर त्या पत्त्याचा उपयोग काय? खासगी मोबाइल नंबर, सुविचार आणि फुलांची चित्रेही नकोत.

पदनामाचा ई-मेल आयडी बदलीनंतर पुढच्या माणसाकडे जातो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. मी दुसऱ्या शाखेत गेलो, तेव्हा तिथला आयडी मिळताच कामाला लागलो. संगणकावरची स्वाक्षरी बदलली होती, शाखेच्या मोबाइलवरची आधीचीच राहिली होती, कारण ती वेगळी साठवलेली असते. तीन आठवडे माझी उत्तरे आधीच्या गृहस्थांच्या नावाने जात होती आणि बदलून देहरादूनला गेलेल्या त्यांना आमच्या शाखेच्या कामाचे फोन येत होते.