ब्रेक कॅलिपर घरी लाल करायचेत? मग आधी घासायची तयारी ठेवा

गाडी माझी 2016 ची पोलो जीटी टीएसआय. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावरून आमच्या कट्ट्यावर भांडणं होतात, पण साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना मला तरी तसंच वाटतं त्यामुळं विषय संपला. अलॉय धुतले की आतून गंजलेले तपकिरी कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडनं दाबून धरतो तो ब्रेकचा भाग) दिसायचे ते बघवेना म्हणून लाल केले, खरं सांगायचं तर दोनदा केले. पहिल्यांदा हार्डवेअरच्या दुकानातला साधा ऑइल पेंट मारला, दिसायला एकदम झक्कास, आणि कास पठारावरून दोनतीन वेळा खाली उतरलो तर लालाचा विटकरी झाला आणि पुढं पापुद्रे सुटायला लागले. घाट उतरताना डिस्क 200 डिग्रीच्या वर सहज जाते, तिथं दारंखिडक्यांचा रंग काय टिकणार. त्यामुळं कॅलिपर पेंट म्हणूनच जो डबा मिळतो तोच घ्या आणि त्यावर किती डिग्री लिहिलंय ते वाचा, 480 च्या आसपास असेल तर बिनधास्त घ्या. सायलेन्सरचा हाय टेम्प स्प्रे पण चालतो पण त्यात जास्त करून काळा नाहीतर चंदेरीच मिळतो.

आणि रंगानं ब्रेक चांगला लागत नाही बरं का, फक्त दिसतो.

दिवस दिवाळीनंतरचा बघा. साताऱ्यात पावसाळ्यात घरातले कपडे वाळत नाहीत तिथं रंग कुठून वाळणार, आणि ओल रंगाखाली अडकली की फुगवटा ठरलेला.

आता चाक काढायचं. गाडी सपाट फरशीवर घ्या, उतारावर नको, चाकाचे बोल्ट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, पोलोला नट नसतात, 17 चा पाना लागणारे बोल्ट असतात. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, म्हणून पुढची बाजू उचलताना तो ओढा आणि मागच्या चाकांना पुढून मागून दोन्हीकडून अडण लावा. मागची बाजू उचलताना ऑटोमॅटिक गिअर पी (पार्क) ला ठेवून अडण पुढच्या चाकांना. जॅक फक्त उचलायला असतो, गाडी तोलायला नाही, त्यामुळं उचलल्यावर खाली घोडी (जॅक स्टँड) लावायची म्हणजे लावायचीच. विटा, लाकडाची ओंडकी वगैरे जुगाड इथं नको. हात आत घालून तासन्‌तास बसायचंय तुम्हाला.

चाक निघालं की आता खरं काम, आणि यात अर्धा दिवस जातो. ब्रेकची काळी धूळ फुंकर मारून किंवा कंप्रेसरनं उडवू नका, नाकात जाते ती, मास्क लावा आणि आधी ब्रेक क्लीनर मारून ओली करा. मग तारेच्या ब्रशनं घासा, खाचाखोचांत जुना टूथब्रश, गंज जिथं धरलाय तिथं पॉलिश पेपर, परत क्लीनर, परत फडकं. पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. रॉकेल किंवा डिझेलनं पुसायचा सल्ला बरेच जण देतात तो ऐकू नका, तेलकट थर राहतो आणि रंग त्याच्यावर बसल्यासारखा करतो पण बसत नाही. आमचे आबा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते, म्हणाले, ‘आरं चाकाच्या आत कोण बगतंय, एवढं तोंड घासत जा सकाळी.’

मग टेप लावायची. डिस्कवर जुन्या ‘ऐक्य’ पेपरचे कागद, पॅडवर टेप, पिस्टनच्या रबरावर टेप, कॅलिपर ज्यावर सरकतो त्या गाईड पिनच्या रबरी बुटांवर टेप, ब्रेक ऑइलच्या नळीवर म्हणजे होजवर टेप, आणि मागं ब्रेक ऑइल आणि हवा काढायचा जो ब्लीडर निपल असतो त्याला विसरू नका. मी विसरलो होतो. वर्षभरानं ब्रेक ऑइल बदलायला गाडी नेली तर निपलवर रंगाचा टणक थर, पाना बसेना, मेकॅनिकनं विचारलं ‘रंगारी कोण?’ आणि मी गप्प. चाक ज्यावर बसतं त्या हबच्या तोंडावरही रंग नको, चाक तिथं घट्ट टेकतं.

होज सोडून कॅलिपर बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका, आत हवा जाते, मग ती काढायला ब्लीडिंग करत बसा, वर ब्रेक ऑइल सांडलं की बॉडीचा रंग खातं. जागेवरच रंगवा. अगदी बाजूला घ्यावाच लागला तर तारेनं वर टांगा, होजवर लटकू देऊ नका, आणि त्या वेळात घरातलं कुणी पोर ड्रायव्हर सीटवर बसून पेडल दाबत नाही ना एवढं बघा.

स्प्रेपेक्षा ब्रश बरा असं माझं मत, स्प्रेला अर्धी गाडी झाकावी लागते. पहिला हात पातळ, अगदी खालचं लोखंड दिसलं तरी चालेल, मग डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबून दुसरा, लागला तर तिसरा. एकाच हातात जाड थापला की ओघळ येतो, तो तापल्यावर तडकतो. कॅलिपरचा पुढचा भाग आणि त्याला धरणारा ब्रॅकेट दोन्ही रंगवा, नाहीतर अर्धी मिशी काढल्यासारखं दिसतं. डिस्कवर थेंब पडलाच तर लगेच क्लीनरनं पुसा, नंतर पॅडला लागला तर पंचाईत.

माझ्या पोलोला मागं डिस्क नाही, ड्रम आहे. ड्रमला लाल रंग दिलेला मला तरी बघवत नाही, काळा हाय टेम्प मारून सोडून द्या, गंज लपला म्हणजे झालं.

रात्रभर तसंच ठेवा. सकाळी टेप, कागद सगळं काढलं ना ते मोजून बघा, चाक बसवा, बोल्ट समोरासमोरचे आवळत जा आणि गाडी खाली घेतल्यावर टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) 120 न्यूटन मीटर, हे पोलोचं, तुमच्या गाडीचं मॅन्युअलात असतं. टॉर्क पाना नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून घ्या, पान्यावर उभं राहून आवळू नका. गाडी सुरू करून जागेवरच पेडल चारपाच वेळा दाबा, कडक लागलं तरच फाटकाबाहेर काढा. पहिले दोन दिवस गावातल्या गावात पोवई नाक्यापर्यंत हळूहळू, रंग उष्णतेनं पक्का होतो पण एकदम घाटात नेऊन भाजायचा नाही. आठवडाभर प्रेशर वॉशर पण नको. आणि 50-100 किलोमीटर झाले की बोल्ट परत एकदा तपासा.