सिग्नलचं नेटवर्क उभारताना या चुका टाळा

शहरातले सिग्नल कंट्रोल रूमला जोडायचे म्हटलं की चर्चा कॅमेऱ्यांची आणि मोठ्या स्क्रीनची होते. लाइन तुटली तर चौक काय करणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

नोव्हेंबर 2009 मध्ये अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीत मध्यवर्ती संगणक बंद पडला. सुमारे 750 सिग्नलचे दिवे चालू होते, पण त्यांचा आपसातला मेळ गेला आणि ऐन गर्दीत रस्ते तुंबले. तेव्हा सगळी मदार सर्व्हरवर ठेवू नका. सकाळ-संध्याकाळचे टायमिंग चौकातल्या कंट्रोलरमध्येही, म्हणजे दिवे बदलणाऱ्या पेटीतही, साठवलेले हवेत. सिडनीत तयार झालेल्या स्कॅट्स या सिग्नल नियंत्रण प्रणालीत संपर्क गेला तरी चौकातला कंट्रोलर काम चालू ठेवतो.

संपर्क नसताना मेळ टिकतो तो घड्याळावर, आणि सर्वाधिक दुर्लक्ष तिथेच होतं. दोन चौकांत 400 मीटर अंतर आणि गाड्यांचा वेग ताशी 40 किलोमीटर असेल, तर पुढचा हिरवा 36 सेकंदांनी लागायला हवा. एका पेटीतलं घड्याळ 20 सेकंद मागे पडलं की आधीच्या चौकातून सुटलेल्या गाड्या पुढे लालवर अडकतात. तक्रार येते, तंत्रज्ञ दिवे आणि कार्ड तपासतो, सगळं ठीक निघतं. अशा वेळी आधी दोन्ही पेट्यांमधली वेळ मोबाइलच्या घड्याळाशी सेकंदासकट ताडून पाहा. फरक दिवसागणिक वाढत असेल तर घड्याळाला वेळ पुरवणाऱ्या जीपीएसचा अँटेना तपासा. त्याला मोकळं आकाश लागतं.

कागदावर दोन फायबर आणि प्रत्यक्षात दोन्ही एकाच चरात, ही आपल्याकडच्या खोदकामात हमखास महागात पडणारी चूक. जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. दुसरी लाइन वेगळ्या रस्त्याने न्या, नाहीतर मोबाइल नेटवर्कवर ठेवा. काम ताब्यात घेण्याआधी एक केबल काढून दुसरी खरंच चालते का, ते बघाच. कॅमेऱ्यांच्या व्हिडिओखाली सिग्नलचा छोटासा डेटा अडकू नये म्हणून त्याला प्राधान्य द्या.

कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. 2014 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी रीतसर परवानगीने सिग्नलच्या जाळ्यात शिरून दाखवलं. तिथल्या रेडिओ लिंकला एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक करण्याची सोय) नव्हतं आणि पासवर्ड मूळचेच होते. तरीही आडव्या-उभ्या रस्त्यांना एकदम हिरवा देणं त्यांना जमलं नसतं, कारण ते रोखणारं युनिट पेटीत स्वतंत्र होतं. तुमच्याकडेही ते युनिट नेटवर्कवरून बदलता येणार नाही, असंच ठेवा.