फोटो एडिटिंगच्या कामाला लागताय? मग एवढे शब्द पक्के करा

सॉफ्टवेअर कोणतंही असो, कानावर पडणारे शब्द तेच असतात: रिझोल्यूशन, बिट डेप्थ, हिस्टोग्राम, मास्क, प्रोफाइल. बटण कुठे आहे हे लवकर कळतं. कोणतं बटण दाबल्यावर फाइलमधली माहिती कायमची जाते, हे कळायला मात्र वेळ लागतो, आणि केलेलं काम परत येतं ते बहुतेकदा त्यामुळेच.

सुरुवात पिक्सेलपासून. 6000 बाय 4000 पिक्सेलचा फोटो म्हणजे 24 मेगापिक्सेल. तो कागदावर केवढा येईल हे पीपीआय (दर इंचाला किती पिक्सेल) ठरल्याशिवाय सांगता येत नाही. 300 पीपीआयला तो 20 इंच बाय साधारण 13.3 इंच येतो. डीपीआय हे खरं तर प्रिंटरच्या ठिपक्यांचं माप, पण बोलताना दोन्ही सर्रास एकाच अर्थाने वापरतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कुणी ‘300 डीपीआयची फाइल द्या’ म्हटलं की आधी विचारा, किती इंचांवर छापायचंय? 8 बाय 10 इंच असेल तर 2400 बाय 3000 पिक्सेल लागतात. इमेज साइजमध्ये रिसॅम्पलची खूण काढून 72 चे 300 केले तर एकही पिक्सेल बदलत नाही, फक्त छपाईचं माप लहान होतं. खूण तशीच राहिली तर सॉफ्टवेअर नवे पिक्सेल अंदाजाने भरतं. 800 पिक्सेलच्या फोटोचा असा 3000 चा केला की कडा मऊ पडतात आणि केस एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात.

बिट डेप्थकडे, म्हणजे रंगछटा किती बारीक पायऱ्यांत नोंदल्या जातात त्याकडे, नवखे हमखास दुर्लक्ष करतात. 8 बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) 256 पायऱ्या मिळतात, 16 बिटमध्ये 65,536. समजा फिकट आकाश 8 बिटच्या फाइलमध्ये जेमतेम 30 पायऱ्यांत सामावलंय. कर्व्ह्ज या टूलने कॉन्ट्रास्ट वाढवून ते 90 पायऱ्यांवर ताणलं, तर मधल्या 60 पायऱ्या येणार कुठून? हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा आलेख, कंगव्यासारखा दातेरी होतो आणि आकाशात पट्टे उमटतात. हेच बँडिंग. नंतर मोड 16 बिट केला तरी गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. म्हणून 12 किंवा 14 बिटची रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदलेली कच्ची माहिती) 16 बिटमध्ये उघडायची, काम टिफ किंवा पीएसडीत ठेवायचं आणि जेपेग अगदी शेवटी काढायची. जेपेग 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकटी करून बारीक तपशील टाकून देते, आणि बदल करून पुन्हा सेव्ह केली की पुन्हा टाकते. नुसती उघडून बंद केली किंवा कॉपी केली तर काही बिघडत नाही.

हिस्टोग्राममध्ये डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. आलेख उजव्या कडेला भिंतीसारखा चिकटला असेल तर तिथे क्लिपिंग आहे, म्हणजे तिथला तपशील नोंदलेलाच नाही. फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये ऑल्ट दाबून पांढरा स्लायडर सरकवा: पडदा काळा होतो आणि जे भाग क्लिप होतायत तेवढेच उजळतात. आधी एखादाच रंग दिसतो. तिथे एकच चॅनेल भरलाय. पांढरे ठिपके दिसले की तिन्ही संपले. काचेवरची चमक क्लिप झाली तर चालते. कपाळावरची नाही, कारण मग त्वचेच्या जागी कोरा डाग उरतो.

खोडरबर वापरायची सवय पहिल्याच आठवड्यात मोडा. खोडलेलं जातं, मास्कने नुसतं लपतं; लेयरचा (थराचा) कोणता भाग दिसावा हे मास्क ठरवतो. मास्कवर पांढरा म्हणजे दिसतं, काळा म्हणजे लपतं, करडा म्हणजे अर्धवट. डी दाबला की काळा-पांढरा मिळतो, एक्स दाबला की त्यांची अदलाबदल. चुकलं की एक्स दाबून उलटं रंगवायचं. कटआउटची कड फोटोतल्या इतर कडांइतकीच मऊ हवी. एखाद-दोन पिक्सेल फेदर (कडेचा मऊपणा) बहुधा पुरतो, जास्त दिला तर वस्तूभोवती जुन्या पार्श्वभूमीची झालर राहते.

रंगांच्या तक्रारींत एक ठरलेली: ‘तुमच्याकडे रंग झकास होते, वेबवर मळकट दिसतात.’ अडोबी आरजीबी आणि एसआरजीबी या रंगांच्या दोन मोजपट्ट्या; फाइलमधले आकडे कोणत्या पट्टीने वाचायचे ते प्रोफाइल सांगतं. फाइल अडोबी आरजीबीमध्ये असते, प्रोफाइल जोडलेलं नसतं आणि समोरची यंत्रणा तिला एसआरजीबी समजून दाखवते. उपाय कन्व्हर्ट टू प्रोफाइल, असाइन नव्हे. कन्व्हर्ट आकडे बदलून रंग शक्य तितका तसाच ठेवतं. असाइन आकडे तसेच ठेवतं आणि रंग बदलून टाकतं. सेव्ह करताना प्रोफाइल एम्बेड करायला विसरू नका. सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) मात्र प्रेसने कोणतं प्रोफाइल हवं ते सांगितल्याशिवाय करू नका. भडक निळे-हिरवे तिथे हमखास दबतात आणि परत आरजीबी केल्याने उघडत नाहीत.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, साइज बदलून झाल्यावर, 100 टक्के झूमवर बघून. अनशार्प मास्क या शार्पनिंगच्या फिल्टरमध्ये वेबसाठी अमाउंट (किती जोर) 80 ते 100, रेडियस (कडेभोवती किती पिक्सेल) 0.5 ते 0.8, थ्रेशोल्ड (किती फरक असला की कड मानायची) 2 ते 3 पासून सुरू करा. रेडियस वाढला की कडेला पांढरी रेघ, म्हणजे हॅलो दिसू लागतो. थ्रेशोल्ड शून्य ठेवलात तर त्वचेची छिद्रं आणि नॉइझही धारदार होतात. छपाईच्या फाइलला रेडियस थोडा जास्त लागतो, कारण कागदावर शाई पसरते. तेव्हा वेबची फाइल छपाईला पाठवू नका, मूळ लेयर्सच्या फाइलमधून वेगळी काढा.