अपस्मार आणि मेंदूचं वय: या संशोधनात येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. संपत आली की काही विद्यार्थी विचारायला येतात. पायथन येतं, मशीन लर्निंगचा कोर्स झालाय, ‘ब्रेन एज’वर (स्कॅनवरून काढलेल्या मेंदूच्या वयावर) पीएचडी करायची आहे, अपस्मारात (फिट येण्याच्या आजारात) त्याला वाव आहे असं ऐकलंय, तर सुरुवात कुठून करू? मी सांगते, न्यूरॉलॉजीच्या ओपीडीतून. विभागप्रमुखांची रीतसर परवानगी काढा आणि काही आठवडे एका कोपऱ्यात बसून नुसतं ऐका. मी बायोटेक्नॉलॉजीतून इकडे आले तेव्हा आमच्या गाइडनी मला हेच करायला लावलं. आजही स्कॅनचे आकडे वाचताना मला त्याचाच उपयोग होतो.

फिट आली तेव्हा नेमकं काय झालं, हे पेशंटला बहुतेक वेळा ठाऊकच नसतं. सांगते ती आई, बायको, नाहीतर शेतात सोबत असलेला भाऊ. डॉक्टर विचारतात: आधी पोटातून काही वर येतंय असं म्हणाला का? मान कुठल्या बाजूला वळली? ओठ चाटत होता का, शर्टाच्या बटणाशी चाळा करत होता का? शुद्धीवर आल्यावर नीट बोलायला किती वेळ लागला? एवढ्यावरून फिट टेम्पोरल लोबमधून (मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून) सुरू होते का, डावीकडून की उजवीकडून, याचा अंदाज एमआरआयच्या आधीच बांधला जातो. मग मागचं निघतं: जन्मताना उशिरा रडणं, लहानपणी तापात लांबलेली आकडी, डोक्याला मार, पट्टकृमीच्या अळीची मेंदूतली गाठ. हे सगळे पुढे तुमच्या एक्सेल शीटमधले रकाने होणार आहेत.

त्यातला सर्वांत नाजूक रकाना म्हणजे आजार कधी सुरू झाला. मुलीला लग्नाआधी फिट येत होत्या हे सासरच्या माणसांसमोर कुणी बोलत नाही. अपस्माराचं कारण पुढे करून विवाह रद्द ठरवण्याची तरतूद १९९९च्या दुरुस्तीने कायद्यातून गेली, पण भीती गेलेली नाही. म्हणून ‘फिट लग्नानंतर सुरू झाल्या’ असं केसपेपरवर लिहिलेलं असतं आणि आजाराची दहा-बारा वर्षं हिशेबातून गळतात. मेंदू किती झिजला याचा संबंध तुम्ही आजाराच्या कालावधीशी जोडणार असाल, तर ही गळती तुमच्या निष्कर्षाच्या मुळाशीच बसते. माहेरच्या माणसांशी वेगळं आणि आदराने बोलणारी समाजसेविका ओपीडीत असते. तिच्याशी ओळख ठेवा.

आता मूळ विषय. जन्मतारखेवरून निघतं ते एक वय आणि शरीरातल्या पेशींच्या अवस्थेवरून अजमावता येतं ते दुसरं, जैविक वय. २०१३ साली स्टीव्ह होर्वाथ यांनी डीएनएवरच्या ३५३ जागांच्या मेथिलेशनवरून (तिथे चिकटलेल्या रासायनिक खुणांवरून) वय सांगणारं गणित मांडलं. मेंदूचं वय काढायची पद्धत मात्र एमआरआयवर चालते. हजारो निरोगी माणसांचे स्कॅन आणि त्यांची वयं संगणकाला शिकवायची, मग नवा स्कॅन देऊन हा मेंदू किती वर्षांचा दिसतो ते विचारायचं. २०१७ साली हीथ पारडो आणि सहकाऱ्यांनी हे अपस्मारात करून पाहिलं. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांचे मेंदू सरासरी साडेचार वर्षांनी अधिक वयाचे दिसले. आजार नुकताच ओळखला गेला होता त्या रुग्णांत तसा ठळक फरक नव्हता. २०१९ साली मारियन गालोविच आणि लंडनमधल्या सहकाऱ्यांनी त्याच माणसांचे स्कॅन काही काळाने पुन्हा पाहिले, तेव्हा मेंदूची साल (बाहेरचा थर) नेहमीच्या वयोमानापेक्षा दुपटीहून अधिक वेगाने पातळ होताना दिसली. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेनंतर ही झीज थांबते. हा निबंध वाचला आणि याच विषयात राहायचं हे माझ्यापुरतं पक्कं झालं. झीज थांबत असेल तर रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी वर्षानुवर्षं ताटकळत ठेवणं किती महागात पडतं, याचा तो पुरावा आहे.

पण ‘अमुक वर्षांनी म्हातारा’ हा आकडा काढणं जेवढं सोपं, तेवढंच त्यावर विश्वास ठेवणं अवघड. स्कॅनरमध्ये माणूस जरा हलला तरी साल खरीपेक्षा पातळ मोजली जाते, आणि आजारी माणूस निरोग्यापेक्षा जास्त हलतो. हे गणित तरुणांचं वय वाढवून सांगतं आणि वृद्धांचं कमी करून, त्यामुळे वयाची दुरुस्ती केल्याशिवाय दोन गटांची तुलना करू नये. मशीन बदललं की आकडा बदलतो. संगणकाला शिकवायला वापरलेले स्कॅन बहुतेक युरोप-अमेरिकेतले असतात. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने १०० भारतीय मेंदूंवरून नकाशा तयार केला तो याच अडचणीतून, आणि असं काम आपल्याकडे अजून पुष्कळ व्हायला हवं. हिप्पोकॅम्पस (टेम्पोरल लोबमधला स्मरणशक्तीचा भाग) सुकून आक्रसलेला असतो तिथे फ्रीसर्फर या स्कॅन मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची सीमारेषा शेजारच्या भागात घसरते; म्हणून आमच्याकडे प्रत्येक स्कॅन स्लाइसगणिक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. कंटाळवाणं काम आहे, पण ते दुसऱ्याला देऊ नका.

औषधांचा गुंता वेगळाच. व्हॅल्प्रोएट हे फिटचं जुनं औषध, पण डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या रासायनिक खुणाही ते बदलतं. रक्तातून जैविक वय काढताना दिसलेला फरक आजाराचा, औषधाचा की तंबाखूचा, हे वेगळं करायची सोय अभ्यासाच्या आराखड्यातच हवी. शिवाय रक्ताचं वय म्हणजे मेंदूचं वय नव्हे. कार्यकारणही दोन्ही दिशांनी वाहतं: पक्षाघातानंतर किंवा अल्झायमरमध्ये उतारवयात प्रथमच फिट येऊ लागतात, आणि नव्याने अपस्मार होण्याचं प्रमाण लहान मुलांत आणि वृद्धांत सर्वाधिक असतं.

ओल्या प्रयोगशाळेत (पेशी आणि रसायनांच्या कामात) रस असेल तर थकलेल्या, विभाजन थांबवलेल्या पण मरत नसलेल्या सेनेसंट पेशींकडे बघा. २०२४ साली पॅरिसच्या स्टेफनी बोलाक यांच्या गटाने मेंदूच्या सालीच्या जन्मजात विकृतीत अशा पेशी दाखवल्या आणि डॅसाटिनिब व क्वेर्सेटिन ही अशा पेशी मारणारी औषधं देऊन त्या कमी केल्यावर उंदरांच्या फिट कमी झाल्या. या पेशी ओळखायची जुनी खूण म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या एन्झाइमचा निळा रंग. तो पीएच (आम्लतेचं माप) ६ वरच तपासायचा असतो, म्हणून स्लाइड रात्रभर ३७ अंशांवर ठेवायच्या, पण कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इन्क्युबेटरमध्ये. पेशी वाढवायच्या नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या की त्या वायूने द्रावण आंबट होतं आणि निरोगी ऊतीही निळी दिसू शकते. पॅराफिनमध्ये (मेणात) जपलेल्या ऊतींच्या ठोकळ्यांत हा एन्झाइम टिकत नाही, ऊती ताजी गोठवलेली लागते. म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना बर्फाचा डबा घेऊन थिएटरच्या दाराशी कुणीतरी उभं असायला हवं, आणि ते तुम्ही असणार.

जागांचं थोडक्यात. बंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा तिरुनल (तिथे अपस्माराच्या शस्त्रक्रिया १९९५पासून होतात), दिल्लीचं एम्स, मानेसरचं एनबीआरसी (मेंदूवर फक्त संशोधन करणारं केंद्र), मुंबईचं केईएम: जिथे शस्त्रक्रिया आणि संशोधन शेजारी-शेजारी आहे तिथे जा. सीएसआयआर-नेट, डीबीटी किंवा आयसीएमआरची फेलोशिप हातात असली की गाइड निवडायला मोकळीक मिळते. तोवर घरबसल्या हात बसवायला सीएचबी-एमआयटी या संग्रहातले मुलांचे ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचे आलेख) आणि लंडनच्या आयएक्सआय संग्रहातले निरोगी माणसांचे स्कॅन मोफत मिळतात. मुलाखतीत अल्गोरिदमच्या नावांपेक्षा ‘तुमचा निरोगी गट कोण?’ या प्रश्नाची तयारी करा. नातेवाईक, वॉर्डातले कर्मचारी, विद्यार्थी, यांतल्या प्रत्येक निवडीचा आकड्यावर परिणाम होतो.

आणखी एक. ओपीडीत कुणाला फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, वेळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल घेऊन धावणाऱ्याला प्रेमाने थांबवा. पाच मिनिटांवर गेली तर ती इमर्जन्सी असते.

तुम्ही तिथे दिसू लागलात की नातेवाईक तुम्हालाही विचारतील, ‘मॅडम, ते नवीन औषध आमच्या पोराला चालेल का?’ डॅसाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे, त्याचे दुष्परिणाम आहेत, आणि फिटबाबतचा पुरावा आज उंदरांपुरता आहे. असंच स्पष्ट सांगा, आणि चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका हे दोनदा सांगा.