आयसीएमआरचा पैसा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यापर्यंत आणायचा कसा

आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी केंद्राची संस्था. तिचा कॉल, म्हणजे प्रपोजलं मागवणारी जाहिरात, निघाला की आठवड्याभरात कुणाचा तरी ड्राफ्ट माझ्या व्हॉट्सॲपवर येऊन पडतोच, ताई जरा बघ ना, उद्यापर्यंत सांग. मी सायंटिस्ट नाही हां, प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर, फायली, व्हाउचरं आणि फील्डवरची पोरं सांभाळण्यात बारा वर्षं गेली. तर गेल्या खेपेच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच पानावर होतं, 'आशा वर्कर घरोघरी जाऊन माहिती गोळा करतील'. अहो पण गोव्यात आशा आहेतच कुठे? जवळपास देशभर आहेत, आपल्याकडे ती योजना नाही, म्हणजे वाक्य कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातल्या प्रपोजलवरनं उचललेलं. आपल्याकडे वाड्यावरची घरं माहीत असतात ती अंगणवाडी सेविकेला, सबसेंटरच्या नर्सला, फारतर पंचाला. रिव्ह्यूला बसलेल्या माणसाला एवढं माहीत असलं की पुढची तीस पानं त्याने वाचायची कशाला.

म्हणून मी सगळं उलट्या बाजूने सांगते. पोर्टल मागाहून उघडा, आधी हे ठरवा की दार कोण उघडणार आणि सही कोण देणार.

पैसा कुणाकडे असतो ते मात्र पटकन उरकून टाकू. मोठं दार आयसीएमआरचं, १९११ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन म्हणून सुरू झाली, १९४९ मध्ये आत्ताचं नाव मिळालं, आता केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली येते. आपण स्वतः सुचवलेल्या विषयावरचा त्यांचा जो कॉल असतो त्यात स्मॉल ग्रँट २ कोटींपर्यंत, इंटरमीजिएट २ ते ८ कोटी. २ कोटीला स्मॉल म्हणतात म्हणून दडपून जाऊ नका, ती वरची मर्यादा आहे, तीस लाखांत होणारं काम तीस लाखांतच मागा. विषय म्हाताऱ्यांची काळजी, अपंगत्व, घरातल्या आजाऱ्याला बघणाऱ्या बायका असा असेल तर आयसीएसएसआरकडेही, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदेकडेही, बघा, १९६९ पासून आहे, आणि आपले डॉक्टर लोक तिकडे फिरकतच नाहीत. लॅबचं काम असेल तर डीबीटी, म्हणजे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, नाहीतर एएनआरएफ, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसा देणाऱ्या एसईआरबीच्या जागी २०२३ च्या कायद्याने आलेली संस्था. किट किंवा यंत्र बनवून कंपनी काढायचीय? मग बायरॅकची, म्हणजे डीबीटीखालच्या सरकारी कंपनीची, बिग ग्रँट, ५० लाखांपर्यंत, १८ महिने, पण तो वेगळाच खेळ.

एमबीबीएस-बीडीएसच्या मुलांनी यातलं काहीच करू नये, सरळ एसटीएस भरावं, म्हणजे आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची छोटी संशोधन योजना. १९७९ पासून चाललंय, दोन महिन्यांचं काम, ५० हजार स्टायपेंड, आणि तो रिपोर्ट मंजूर झाल्यावरच मिळतो, तोवर झेरॉक्सचे पैसे बाबांच्या खिशातून. गाइड आपल्याच कॉलेजचा फुलटाइम शिक्षक पाहिजे. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, असाल तर गाइडला ओपीडी सुटल्यावर गाठा, ओपीडीत उभ्या-उभ्या 'हो हो' म्हणून घेतलेला गाइड सहीच्या दिवशी सापडत नाही.

बाकीच्यांना पहिली ठेच लागते ती नोकरीची. आयसीएमआरला मुख्य संशोधक सहसा कायम नोकरीतला लागतो. माझ्यासारखी कॉन्ट्रॅक्टवरची माणसं कितीही काम करोत, नाव पुढे लागत नाही, तेव्हा कायम नोकरीवालं माणूस धरा आणि कोण काय करणार ते तेव्हाच लिहून घ्या. एनजीओ असेल तर डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता आणि एनजीओ दर्पण ह्या सरकारी पोर्टलचा नंबर आहे का बघा, नसेल तर ह्या वर्षी तेवढंच करा, प्रपोजल पुढच्या वर्षी.

आता विषय. दिल्लीच्या माणसाला गोवा म्हटलं की बीच दिसतो, त्यामुळे इथे काय प्रश्न आहेत ते पहिल्या परिच्छेदातच आकड्यांनी सांगावं लागतं. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक गोव्यात ११.२ टक्के होते, केरळनंतर आपलाच नंबर. त्यात मुलगा बोटीवर, मुलगी इंग्लंडला आणि एवढ्या मोठ्या घरात म्हातारी एकटी, बीपीची गोळी संपली तर आणणार कोण, हा संशोधनाचा प्रश्नच आहे. किंवा सत्तरीतला माकडताप, गोचिडींमुळे पसरणारा विषाणूचा ताप, २०१५ मध्ये पाळी गावात साथ आली तेव्हापासून आपल्या मागे लागलाय. गोचिडी चावतात काजूच्या बागेत, मग लोक बागेत जायचं बंद करणार का? तर नाही, वर्षाचा पैसाच तो. मग काय केलं तर ते अंगाला गोचिडी दूर ठेवणारं तेल लावतील, लस आली तर घेतील का, असा एकच छोटा प्रश्न धरा. 'गोव्यातील आरोग्यविषयक समस्यांचा सर्वंकष अभ्यास' असलं काही लिहू नका, त्याला कुणी पैसा देत नाही.

पुढचं काम म्हणजे पत्रं, आणि इथेच लोक झोपतात. सरकारी आरोग्य केंद्रात बसून काम करायचं तर आरोग्य संचालनालयाची परवानगी पाहिजे, तिला वेळ लागतो. पर्वरीची संगाथ बघा, १९९६ पासूनची संस्था. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशन शिकवलं तर डिप्रेशनच्या पेशंटना फरक पडतो का, हे तपासणारा त्यांचा मानस अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. पैसा वेलकम ट्रस्टचा होता, पण निम्मी केंद्रं सरकारी होती, आरोग्य खात्याला सोबत घेतल्याशिवाय ते जमलंच नसतं.

एथिक्स कमिटीचं तर विचारूच नका. ७ ते १५ मेंबर, अध्यक्ष संस्थेच्या बाहेरचा, एक वकील, एक समाजशास्त्रवाला, एक सामान्य माणूस, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे कमिटीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी, एवढं सगळं जमल्यावर मीटिंग लागते. आमची एकदा मंजुरी आली पण पत्रावरचं टायटल आणि प्रपोजलवरचं टायटल वेगळं, आम्हीच मधे 'वृद्ध' काढून 'ज्येष्ठ नागरिक' केलं होतं. पुन्हा पुढची मीटिंग, कॉल गेला. टायटल एकदा ठरलं की त्याला हात लावायचा नाही, स्पेलिंगलासुद्धा. उपचार किंवा कसलाही प्रयोग करणार असाल तर सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायल नोंदवायच्या सरकारी पोर्टलवर, पहिला माणूस घ्यायच्या आधी नोंदवा, २०१८ च्या एप्रिलपासून मागाहून नोंदवता येत नाही. फुकट आहे, तरी लोक विसरतात.

संमतीपत्र स्वतः मोठ्याने वाचून बघा. केरीत एका आजीला आमच्या फील्डवरच्या मुलीने वाचून दाखवलं, 'सदर अध्ययनात स्वेच्छेने सहभागी होण्याबाबत आपणांस अवगत करण्यात येत आहे', आजीने सगळं शांतपणे ऐकलं, आत गेली आणि रेशनकार्ड घेऊन आली. आपल्याकडे सत्तरी-डिचोली-पेडण्यात लोक वाचतात मराठी आणि बोलतात कोंकणी, साष्टीत गेलात तर कित्येकांना रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांतली, लिपी लागते, तेव्हा कागद एका भाषेत आणि तोंडी सांगायचं दुसऱ्या भाषेत, दोन्ही लिहून कमिटीपुढे ठेवा आणि भाषांतराचा खर्च बजेटमध्ये धरा.

बजेटचं माझं साधं गणित असं. एका दिवसात एक मुलगी किती घरं करते? गूगल मॅप बघून दहा लिहितात. वाळपईपर्यंत कदंबा बस मिळते, पुढे वाड्यावर जायला स्कूटर, दोन घरांत कुणी नाही, एका घरात आधी चहा मग गोष्टी, खरी होतात चार. म्हणजे चारशे घरांना शंभर दिवस, दोन मुली असल्या तर पन्नास, त्यात पेट्रोल, रेनकोट, मोबाइलचा रिचार्ज. पगार आयसीएमआरने ठरवलेल्या पदांप्रमाणेच लावा, मनाने वाढवले तर कापतात.

आणि कॅलेंडर. मार्च ते मे सत्तरीत माणसं दिवसभर काजूत, घरी कुलूप. जून-जुलैत पाऊस. चतुर्थीत सगळे घरी असतात, पण गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायच्या दिवशी प्रश्नावली घेऊन गेलात तर नेवऱ्या (करंज्या) मिळतील, उत्तरं नाही. उरतात दिवाळीनंतरचे तीन-चार महिने, आणि माकडताप डोक्यात ठेवून काम असेल तर मात्र मुद्दाम काजूच्या दिवसांतच संध्याकाळी सातनंतर जायचं, तसं प्रपोजलमध्ये लिहायचंही. हे एवढं वाचलं की समोरच्याला कळतं माणूस इथला आहे.

परदेशातला पार्टनर असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची, एचएमएससीची, मंजुरी लागते, तिचे महिने वेगळे धरा. पैसा बाहेरून संस्थेच्या खात्यात येणार असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आलाच.

ग्रँट मिळाल्यावर पेढे वाटा आणि दुसऱ्या दिवशी अकाउंट्सवाल्याला भेटा. खर्चाचा दाखला जीएफआर १२-ए ह्या सरकारी नमुन्यात द्यावा लागतो, तो गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. ग्रँट बँकेत पडून असताना त्यावर जे व्याज मिळतं ते आपलं नसतं, सरकारला परत करायचं असतं. एका प्रोजेक्टात आमचं हे राहून गेलं, अकराशे आणि काहीतरी रुपये, त्यासाठी तीन पत्रं आली, आम्ही दोन उत्तरं दिली, आमचे मुख्य संशोधक सर स्वतः दोनदा बँकेत गेले आणि शेवटी स्टेटमेंटवर मॅनेजरचा शिक्का मिळाला तेव्हा प्रोजेक्ट संपून दीड वर्ष झालं होतं.